वान्दोला पहिल्यांदा जाताना: कोरियाच्या बेटांचा तालुका समजून घेण्यासाठी मार्गदर्शक

कोरियाला गेलेली मराठी माणसं बहुतेक सोल, बुसान आणि फार तर जेजू एवढंच पाहून परततात. तुम्ही मत्स्यशास्त्र, भूगोल किंवा ग्रामीण अर्थशास्त्र शिकत असाल, कोरियात शिकायला वा नोकरीला असाल, किंवा समुद्रावर जगणारी गावं जवळून पाहायची ओढ असेल, तर देशाच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या वान्दो काउंटीत जा. ग्वांगजूत शिकत असल्यापासून मी तिथे जात आलो आहे. मराठीत वान्दोविषयी जवळपास काहीच सापडत नाही आणि इंग्रजीत सापडतं ते मुख्यतः पर्यटनाचं. पहिल्यांदा जाणाऱ्याचा गोंधळ वाचावा म्हणून हे क्रमवार लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपण नवीन भागात गेलो की रस्ते, मग गावं, मग बाजार असं पाहत जातो. वान्दोत त्या क्रमाने हाती फार थोडं लागतं. आधी पाणी, मग बोट, मग शेवाळ आणि शेवटी जमीन, या क्रमाने गेलात तर तिथला भूगोल आणि तिथला पैसा दोन्ही उलगडत जातात. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी हे जमवा

- पासपोर्ट आणि व्हिसा. भारतीयांना कोरियासाठी आधीच व्हिसा काढावा लागतो. के-इटीए ही ऑनलाइन परवानगी भारतीय पासपोर्टला लागू नाही. कोरियाचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. कागदपत्रांची यादी बदलत असते, म्हणून अर्जाच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावरची ताजी यादी पाहा. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र तयार ठेवा.
- ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्यांना मिळणारं परदेशी नागरिक नोंदणी कार्ड. बोटीच्या खिडकीवर ते चालतं.
- नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप. गूगल मॅपवर कोरियात गाडीचे आणि पायी जायचे मार्ग नीट मिळत नाहीत, बेटांवर तर त्याचा भरवसाच धरू नका.
- पापागो हे भाषांतराचं ॲप. गावांत इंग्रजी क्वचित चालतं, आणि पाट्या हंगुल लिपीत असतात. हंगुल वाचायला शिकून गेलात तर फार सोपं पडेल. चार-पाच संध्याकाळी मनापासून बसलं की अक्षरं ओळखता येतात.
- टी-मनी कार्ड, म्हणजे बस-मेट्रोचं भाडं भरायचं कार्ड, आणि थोडी रोख वॉन. लहान बेटांवर परदेशी बँकेचं कार्ड प्रत्येक एटीएममध्ये चालेलच असं नाही.
- भरती-ओहोटीचं वेळापत्रक. कोरियाची जलसर्वेक्षण संस्था ते ऑनलाइन देते.
- वारा अडवणारं जॅकेट, निसरड्या खडकावर चालणारे बूट आणि बोट लागत असेल तर गोळ्या.
- दोन फोन नंबर: रुग्णवाहिका आणि समुद्रावरची आणीबाणी यासाठी ११९, पर्यटकांना इंग्रजीत मदत करणारी सेवा १३३०.

१. नकाशावर बेटांचे गट पाडा

वान्दो हा 'गुन' आहे, म्हणजे प्रांताच्या खालचा ग्रामीण विभाग. आकाराने आणि कारभाराने तो आपल्या तालुक्याच्या जवळ जातो. प्रांत दक्षिण जोल्ला. अडीचशेहून अधिक बेटं, त्यातली पन्नासेक वस्तीची. सगळी जमीन मिळून ४०० चौरस किलोमीटरच्या आत आणि लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत. गुनचे ३ 'अप' म्हणजे शहरवजा विभाग आहेत: वान्दो, गुमिल आणि नोह्वा. बाकीचे ९ 'म्योन', म्हणजे खेड्यांचे गट.

नवख्या माणसाचा पहिला घोळ इथे होतो. 'वान्दो' हे बेटाचंही नाव, शहराचंही आणि अख्ख्या काउंटीचंही. कोणी "वान्दोला उतरा" म्हणालं तर कुठल्या, हे विचारून घ्या.

कागदावर दोन गट करा. पहिला गट पुलांनी जोडलेल्या बेटांचा. मुख्य वान्दो बेट १९६९ पासून पुलाने हेनामशी, म्हणजे मुख्य भूमीशी जोडलेलं आहे. वान्दो ते शिंजी पूल २००५ मध्ये झाला, गोगुम ते मुख्य भूमीवरचं कांगजिन २००७ मध्ये, आणि शिंजी ते गोगुम जोडणारा जांग बोगो पूल २०१७ मध्ये. गोगुमहून याक्सानला पूल आधीपासून होताच. त्यामुळे आज हेनामकडून शिरून कांगजिनकडून बाहेर पडता येतं आणि वाटेत कुठेही बोट लागत नाही. दुसरा गट बोटीशिवाय न पोचणाऱ्या बेटांचा: छोंगसान्दो, सोआन्दो, नोह्वादो, बोगिल्दो, गुमिल, सेंगिल, गुमदांग. यातली नोह्वादो आणि बोगिल्दो ही दोन एकमेकांना पुलाने जोडलेली आहेत, पण त्या जोडीपर्यंत जायला बोटच लागते.

हा फरक नीट डोक्यात बसवा. पूल झालेल्या बेटावरचा माणूस दवाखान्याला, शाळेला, बाजाराला हवा तेव्हा जातो. दुसऱ्या गटातल्या माणसाचा दिवस शेवटच्या बोटीच्या वेळेवर ठरतो. घरांची दुरुस्ती, दुकानांतला माल, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ कोण राहणार, हे सगळं त्यावर अवलंबून असतं. पूल व्हावा म्हणून बेटांवरची माणसं वर्षानुवर्षं मागणी का करतात, ते एक रात्र दुसऱ्या गटातल्या बेटावर राहिल्यावर कळतं.

२. तारीख ठरवण्याआधी हंगाम ठरवा

"कधी गेलेलं चांगलं?" याचं उत्तर तुम्हाला काय पाहायचं आहे यावर आहे.

डिसेंबर ते मार्च हा गिम आणि मियोकचा काळ. गिम म्हणजे भाताभोवती गुंडाळतात ती कागदासारखी काळी पापडी ज्या शेवाळापासून होते ते. मियोक हे सूपात घालायचं लांब पानांचं शेवाळ. कोरियात बाळंतिणीला आणि वाढदिवसाला त्याचं सूप देतात. थंडी बोचरी असते, वारा जोराचा असतो, पण समुद्रावरचं खरं काम याच महिन्यांत दिसतं.

एप्रिलमध्ये छोंगसान्दोवर पिवळी युछेची फुलं आणि हिरवं जव एकाच वेळी असतं. 'हळू चालण्याचा' उत्सवही याच महिन्यात भरतो. दृश्य फार सुंदर असतं, मात्र बोटींना आणि राहायच्या जागांना गर्दी होते. अभ्यासासाठी जाणाऱ्याने शनिवार-रविवार टाळावा.

मे अखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत दासिमा. एकच फेरी करता येणार असेल तर मी हाच काळ निवडायला सांगेन. दासिमा म्हणजे रुंद, जाड, चामड्यासारख्या पानांचं केल्प जातीचं शेवाळ. पहाटे समुद्रातून काढायचं, किनाऱ्यावर आणून जाळीवर एकेक पान पसरायचं आणि त्याच दिवशी उन्हात खडखडीत वाळवायचं. एका दिवसात वाळलं तर प्रत उत्तम, पाऊस आला तर दर पडला. जूनच्या शेवटी कोरियाचा पावसाळा, म्हणजे जांगमा, सुरू होतो, त्यामुळे हे काम ढगांशी शर्यत लावून चालतं. गुमिल हे याचं मुख्य ठिकाण. त्या दिवसांत गुमिलची प्रत्येक मोकळी जागा काळपट हिरव्या पानांनी झाकलेली असते आणि घरातली सगळी माणसं, शहरातून आलेली मुलंसुद्धा, पानं पसरत असतात. नोंगशिम कंपनीच्या 'नोगुरी' नूडल्सच्या पाकिटात दासिमाचा जो तुकडा निघतो, त्याचा दासिमा वान्दोतून, मुख्यतः गुमिलमधून येतो.

जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रस्नानाची गर्दी आणि वादळांची शक्यता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असते, शेवाळाचं बी लावलेले दोर समुद्रात सोडायची लगबग असते आणि बोटी सहसा वेळेवर सुटतात.

चंद्र नववर्षाचा सोल्लाल आणि शरद ऋतूतला छुसोक या दोन सणांच्या आठवड्यांत जाऊ नका. सगळा देश गावी निघालेला असतो, तिकिटं मिळत नाहीत आणि गावातली दुकानं बंद असतात.

३. मुख्य बेटापर्यंत पोचा

वान्दोत रेल्वे नाही. सोलच्या सेंट्रल सिटी टर्मिनलहून वान्दोची थेट बस आहे. साधारण पाच तास लागतात. दुसरा मार्ग म्हणजे सोलच्या योंगसान स्टेशनवरून केटीएक्स या वेगवान रेल्वेने ग्वांगजू-सोंगजोंगला उतरायचं, शहरातल्या मोठ्या बस टर्मिनलला जायचं आणि तिथून वान्दोची बस धरायची. हेनामच्या शेतांमधून जाणारा हा रस्ता जागं राहून पाहण्यासारखा आहे. लाल माती, रताळी, कोबी, मग अचानक चिखलाचा किनारा आणि पूल.

४. बोटीचं तिकीट: बंदर चुकवू नका

सगळ्यात जास्त फजिती इथे होते, म्हणून सविस्तर लिहितो. काउंटी एक असली तरी बंदरं अनेक आहेत.

- छोंगसान्दो आणि जेजूच्या बोटी वान्दो शहरातल्या प्रवासी टर्मिनलवरून सुटतात. छोंगसान्दोला सुमारे ५० मिनिटं लागतात.
- नोह्वादो, बोगिल्दो आणि सोआन्दोसाठी ह्वाहुंगपो बंदरात जावं लागतं. हे शहरात नाही. बस किंवा टॅक्सी करावी लागते. नोह्वादोवर तोंगछोन धक्क्याला उतरायचं आणि बोगिल्दोला पुलावरून जायचं.
- नोह्वादोला हेनामच्या टोकावरून, थांगक्कुत म्हणजे 'भूमीचं टोक' या ठिकाणाहूनही बोट आहे. ती वेगळ्या धक्क्याला, सान्यांगला लागते. जाताना एका मार्गाने आणि येताना दुसऱ्याने यायचं असेल तर हे लक्षात ठेवा.
- गुमिल आणि सेंगिलसाठी आधी रस्त्याने याक्सान, तिथल्या तांगमोक धक्क्यावरून बोट.
- गुमदांग वान्दो काउंटीत आहे, पण तिथली बोट शेजारच्या जांगहुंग आणि गोहुंग काउंटींमधून सुटते. कारभाराची हद्द आणि रोजचं दळणवळण कसं वेगळं असू शकतं याचं हे चांगलं उदाहरण आहे.

ओळखपत्राशिवाय तिकीट मिळत नाही आणि बोटीत चढताना ते पुन्हा तपासतात. पासपोर्टचा फोटो पुरेल असं समजू नका, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल ही प्रवासी बोट शेजारच्या जिंदो काउंटीच्या समुद्रात बुडाली आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती. त्यानंतर प्रवाशांच्या नोंदीचे नियम फार कडक झाले. खिडकीवरचा माणूस नाव पुन्हा पुन्हा विचारतो, तेव्हा हे आठवा आणि शांतपणे सांगा.

ऑनलाइन तिकिटं मिळतात, परंतु परदेशी कार्ड किंवा कोरियन फोन नंबरपाशी काम अडू शकतं. सुट्टीचा दिवस नसेल तर खिडकीवर लवकर जाऊन तिकीट काढणंच सोपं. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारा आणि लिहून ठेवा. ही वेळ हंगामाप्रमाणे बदलते.

धुकं हा दुसरा सापळा. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आकाश निळं असतानाही समुद्रावर दाट धुकं उतरतं आणि बोटी थांबतात. वाऱ्याचा इशारा असला तरी थांबतात. परतीचं विमान आणि बेटावरून निघायचा दिवस यांच्यात निदान दोन दिवस मोकळे ठेवा.

सोआन्दोच्या बोटींची नावं जरूर वाचा: देहान, मिंगुक, मान्से. तिन्ही मिळून 'कोरिया प्रजासत्ताक चिरायू होवो'. जपानी राजवटीविरुद्धच्या चळवळीत या लहानशा बेटाने मोठा वाटा उचलला, आणि आजही तिथे घरोघरी वर्षभर राष्ट्रध्वज फडकत असतो.

५. भरती-ओहोटीप्रमाणे दिवस आखा

इथे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात कित्येक मीटरचा फरक पडतो. सकाळी बोटी तरंगत असलेल्या खाडीत दुपारी नुसता चिखल असतो. कोरियन कोळी चांद्र तिथीवर पाण्याचे दिवस मोजतात. आपल्याकडे कोकणात ज्याला उधाण म्हणतात त्याला ते 'सारी' म्हणतात आणि भांगाला 'जोगुम'. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हा हिशोब दोन्हीकडे एकच. तुम्ही किनाऱ्यावरच्या घरातले असाल तर तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांशी बोलायला याहून चांगला विषय नाही.

चिखलातले जीव, खांबांवर लावलेलं गिम, ओहोटीत शिंपले वेचणाऱ्या बायका हे पाहायचं असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठा. पाणी फिरायच्या वेळेआधी तासभर तरी किनाऱ्याकडे परत निघा. चिखलात एकट्याने उतरू नका.

६. पैसा कसा फिरतो ते साखळीने पाहा

वान्दोची अर्थव्यवस्था एका गोगलगाईच्या कुळातल्या जिवावर उभी आहे: अबालोन, कोरियनमध्ये जोनबोक. कानाच्या आकाराचा एकच शिंपला, आत शिंपल्याची चमक आणि खडकाला घट्ट धरून बसणारं मांस. देशातलं सुमारे ७० टक्के अबालोन या एका काउंटीतून येतं. पण नुसते पिंजरे पाहून आलात तर अर्धंच पाहिलंत. या क्रमाने जा:

पहिल्यांदा किनाऱ्यावरची बीजकेंद्रं. लांबट शेड, आत पाण्याच्या टाक्या, त्यात नखाएवढी पिल्लं.

मग समुद्रातले शेवाळाचे दोर. उंचावर चढलात तर पाण्यावर बोयांच्या, म्हणजे दोर तरंगत ठेवणाऱ्या गोळ्यांच्या, सरळ रांगा क्षितिजापर्यंत दिसतात; उपग्रहाच्या चित्रांतही या किनाऱ्यावरचे असे काळसर चौकोन ओळखू येतात. यातलं मियोक आणि दासिमा सगळं माणसांच्या ताटात जातं असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचा मोठा हिस्सा अबालोन खातं. हिवाळ्यात मियोक, पुढे दासिमा, असा त्यांचा चारा ठरलेला असतो. वान्दोत अबालोन एवढं का वाढलं, याचं उत्तर यात आहे: चारा शेजारच्याच पाण्यात पिकतो.

त्यानंतर पिंजरे. नोह्वादो आणि बोगिल्दोच्या मधल्या पाण्यात ते दाटीने आहेत. बोटीवरची क्रेन चाऱ्याचे भारे उचलून पिंजऱ्यात टाकते. पिल्लू बाजारात जाईपर्यंत तीनेक वर्षं लागतात. तीन वर्षं पैसा पाण्यात, आणि वर वादळाचं भय. ऑगस्ट २०१२ मध्ये बोलावेन चक्रीवादळाने इथले पिंजरे मोडून किनाऱ्यावर आणून टाकले होते. अलीकडे उन्हाळ्यात समुद्र जास्त तापू लागला आहे, आणि थंड पाण्यातल्या या जिवाला ते सोसत नाही.

शेवटी लिलाव. मच्छीमार सहकारी संस्थांना सुह्योप म्हणतात. त्यांच्या लिलावगृहात पहाटे जा. खुणेच्या रेषेबाहेर उभे राहा, फ्लॅश वापरू नका, आधी विचारा. अबालोनचा दर किलोला किती नग बसतात यावर ठरतो. किलोला दहा बसणारं मोठं आणि महाग, वीस बसणारं लहान आणि स्वस्त. बंदरातल्या दुकानांतही हेच आकडे लिहिलेले असतात, त्यामुळे घेताना फसायला होत नाही.

आता एक दुखरा विषय. उत्पादन वाढत गेलं, मागणी तेवढी वाढली नाही, आणि २०२३ च्या सुमारास अबालोनचे दर कोसळले. त्याच काळात गिमचे दर वर गेले. २०२४ मध्ये कोरियाची गिमची निर्यात १ अब्ज डॉलरच्या जवळ पोचली आणि वर्तमानपत्रं त्याला, कोरियाच्या मोठ्या निर्यातीवरून, 'काळा सेमीकंडक्टर' म्हणू लागली. शेजारच्या दोन खाड्यांत एक घर कर्जात आणि दुसरं नव्या बोटीची ऑर्डर देणारं, असं चित्र दिसू शकतं. बोलताना भान ठेवा. "यंदा कमाई किती?" हा प्रश्न आपण विचारायचा नसतो.

बोये पाहायला विसरू नका. पूर्वी ते स्टायरोफोमचे, म्हणजे थर्माकोलचे असत, भुगा होऊन किनाऱ्यावर पसरत. नोव्हेंबर २०२३ पासून समुद्रातल्या कुठल्याही शेतीत नवे स्टायरोफोमचे बोये बसवायला बंदी आहे. जुने आणि नवे शेजारी शेजारी दिसतात.

कोकणातून शिकायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. दासिमा, मियोक आणि इथलं अबालोन हे थंड पाण्याचे जीव आहेत. ते जसेच्या तसे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणता येणार नाहीत, आणि तसा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नका. शिकण्यासारखं आहे ते वेगळं: दोर बांधायची पद्धत, गावाने समुद्र वाटून घ्यायची रीत, सहकारी लिलाव आणि हंगाम संपल्यावर कच्चा माल साठवायची सोय.

७. गावाच्या समुद्राला हात लावण्याआधी विचारा

किनारा मोकळा दिसला तरी तो मोकळा नसतो. प्रत्येक गावाची 'ओछोनग्ये' म्हणजे मच्छीमारांची ग्रामसंघटना असते. गावासमोरच्या पाण्यात कोणी काय लावायचं, शिंपले कधी वेचायचे, कोणाला सभासद करायचं हे ती ठरवते. शहरातून मासेमारीकडे वळणाऱ्या तरुणांना सरकार मदत करतं, तरी ओछोनग्येत जागा मिळवणं सोपं नाही. त्यात दोन्हीकडचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. म्हाताऱ्यांनी घडवलेला समुद्र कालच आलेल्याला का द्यायचा, आणि दिला नाही तर गाव उरणार कसं. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ८९ विभागांना लोकसंख्या घटणारे प्रदेश म्हणून जाहीर केलं, त्यात वान्दो आहे.

तुमच्यासाठी नियम सोपा: खडकावरचं शेवाळ, शिंपलं, अबालोन काहीही उचलू नका. गावाच्या हद्दीतली ती चोरी ठरते आणि दंड होतो. वाळत घातलेल्या पानांवर चुकूनही पाय पडू देऊ नका.

वयस्कर माणसांना वाकून नमस्कार करा आणि 'ओरुशिन' म्हणा. पिंजऱ्याच्या किंवा दुकानाच्या मालकाला 'साजांगनिम' म्हणतात. काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्या. काम चालू असताना दोन पानं पसरायला हात लावलात, तर दहा मिनिटांत जे बोलणं होईल ते तासभराच्या मुलाखतीत होणार नाही.

८. मग जमिनीकडे वळा

छोंगसान्दो हे त्यासाठी उत्तम बेट. डिसेंबर २००७ मध्ये आशियातल्या पहिल्या 'स्लो सिटीं'मध्ये, म्हणजे संथ जीवनशैली जपणाऱ्या गावांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, त्याची निवड झाली आणि चालायच्या वाटा आखल्या गेल्या. त्यांची लांबी मॅरेथॉनएवढी, ४२.१९५ किलोमीटर आहे. फुलांच्या वाटेवर गर्दी असते, तुम्ही आतल्या गावांकडे जा आणि कुदुलजांगची भातखाचरं शोधा. या बेटावर माती कमी, दगड भरपूर आणि पाणी झिरपून जाणारं. लोकांनी उतारावर दगड रचले, त्यावर कोरियन घरांच्या गरम जमिनीखाली घालतात तशा सपाट फरशा बसवल्या, वर चिखल आणि माती घातली आणि खालून पाण्याला वाट ठेवली. वरच्या खाचरातलं पाणी खालच्याला मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाच्या यादीत घेतलं. खाचराच्या बांधात पाण्याचं चौकोनी तोंड दिसलं की तुम्ही बरोबर जागी आहात. बांधावर चढू नका; दगड सुटे असतात.

बोगिल्दोवर १७ व्या शतकातला कवी युन सोन-दो याने वसवलेली बाग आहे. गोगुमवर १५९८ मध्ये सेनापती यी सुन-शिनचा शेवटचा नाविक तळ होता. मुख्य बेटाजवळच्या जांगदो या छोट्या बेटावर जांग बोगो या सागरी सेनापतीने ८२८ मध्ये छोंगहेजिन हा तळ उभारला आणि चीन, कोरिया, जपान यांच्यातल्या व्यापारावर पकड बसवली. तिथे ओहोटीला चिखलात लाकडी खुंटांच्या रांगेचे अवशेष दिसतात, म्हणून तिथेही पाण्याची वेळ पाहूनच जा. मुख्य बेटावरचं उबदार हवेतल्या सदाहरित झाडांचं वनस्पती उद्यान वेळ असेल तर पाहा.

९. जेवणाचं आधीच ठरवा

मासे खाणाऱ्याची इथे चंगळ आहे. अबालोनची पेज पोटाला हलकी आणि चवीला फार छान. मात्र बऱ्याच खाणावळीत काही पदार्थ किमान दोघांसाठीच मिळतात. एकटे असाल तर बसण्याआधी विचारा. शाकाहाऱ्यांनी सावध राहा. सूपाचं पाणी बहुधा सुकवलेल्या अँकोव्ही या छोट्या माशांचं असतं, आणि किमचीत माशांचा किंवा कोळंबीचा खार असतो. "मांस नको" म्हणून भागत नाही. भात, भाजलेलं गिम, फळं आणि सोबत नेलेली चटणी-मेतकूट यांवर दोन-तीन दिवस नीट निघतात.

१०. नोकरीचं आमिष दाखवणाऱ्यांपासून सांभाळा

हे शेवटी लिहिलं असलं तरी घरच्यांना आवर्जून वाचून दाखवा. वान्दोच्या पिंजऱ्यांवर आणि बोटींवर बरेच परदेशी कामगार आहेत, आणि त्यांचे फोटो दाखवून "कोरियात मासेमारीची नोकरी, व्हिसा हमखास" अशा जाहिराती भारतात फिरतात. अशा कामासाठीचा मुख्य व्हिसा ई-९. तो ज्या सरकारी रोजगार परवाना योजनेतून मिळतो, तिचे करार १७ देशांशी आहेत. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश त्यात आहेत, भारत नाही. भारतीय पासपोर्टवर ई-९ मिळवून देतो म्हणणारा एजंट तुम्हाला फसवतो आहे. पर्यटक व्हिसावर नेऊन कामाला लावतो म्हणणारा तर तुम्हाला थेट बेकायदा करतो आहे: पगार बुडाला तर दाद मागायची भीती, अपघात झाला तर विम्याचा प्रश्न, आणि पकडलं गेल्यावर परत पाठवणी.

समुद्रावरचं काम शिकायचं असेल तर विद्यापीठाचा मार्ग धरा. मोक्पो आणि बुसानच्या विद्यापीठांत मत्स्यविज्ञान आणि सागरी विषयांचे अभ्यासक्रम आहेत, परदेशी विद्यार्थ्यांसाठी कोरियन सरकारची शिष्यवृत्तीही आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी अर्ज करताना 'कोरियाची मत्स्यशेती' असं मोघम लिहू नये. अबालोनचा चारा, दासिमाची वाळवणी, ओछोनग्येचे नियम यांपैकी एक निवडून त्यावर लिहा. त्यासोबत कोरियन भाषेची टोपिक परीक्षा देऊन ठेवा. बेटावरच्या मुलाखती कोरियनमध्येच होतात, आणि दुभाषा घेऊन पिंजऱ्याच्या लहान बोटीवर सहसा जागा मिळत नाही.